कानांचं बारसं

गेनूनाना चालता चालता मधेच थांबायचे. पाऊल अर्धवट उचललेलं, वाक्य अर्धवट सोडलेलं, आणि थांबलेले. मान जरा उजवीकडे कलायची, डोळे बारीक व्हायचे. मग त्यांच्या मागून चालणारी सगळी म्हातारी माणसंही थांबायची. पुनावळ्याच्या गावठाणातून पवनेकडे उतरणारी वाट त्या वेळी धुक्यात असायची. नदीपलीकडच्या इमारतींचे नुसते वरचे मजले दिसत, खाली काहीच नाही. कुणीतरी त्या आभाळातून खाली सोडायला घेतल्या आणि चहाला निघून गेलं, अशा त्या अधांतरी उभ्या असत. हायवेची घरघर मागे राहिलेली. नाना एक बोट वर करायचे आणि अगदी हळू विचारायचे,

“आला का?”

एखादी म्हातारी कपाळाला आठ्या घालून ऐकायची. काही वेळ काहीच नाही. मग आठ्या एकेक करून सुटायच्या.

“काय सळसळतंय ओ?”

“वारा हाय, आक्का. त्या लव्हाळ्यातनं चाललाय.”

“वाऱ्याला आवाज असतो, न्हाई का?” म्हातारी स्वतःशीच म्हणायची. “इसारलेच हुते की मी.”

आणि नाना असे हसायचे, की तो वारा त्यांनीच पहाटे उठून तिथे आणून ठेवला असावा.

आमचा समाजसेवेचा क्लब तसा साधाच. कुणी डॉक्टर, कुणी दुकानदार, कुणी माझ्यासारखे कंपनीत काम करणारे. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. पुनावळ्याच्या नव्या सोसायटीत राहायला आले तेव्हा लिफ्टमधल्या माणसांपलीकडे कुणाला ओळखत नव्हते, म्हणून क्लबात गेले. रक्तदान, झाडं लावणं, शाळांना बाकं देणं, अशी कामं चालत. एका वर्षी अध्यक्ष देसाईसाहेबांनी श्रवणयंत्रांचं शिबिर घ्यायचं ठरवलं. या कारखान्यांच्या पट्ट्यात कान गेलेली माणसं घरोघरी आहेत. एका पिढीने पत्रा दाबायच्या, घण मारायच्या मशीनवर उभं आयुष्य काढलं, त्यांच्या कानांनी हळूहळू निरोप घेतला. बाकीच्यांचे वयाने गेले.

त्या पहिल्या शिबिरात गेनूनाना आले ते लाभार्थी म्हणून. पांढरा सदरा, लेंगा, टोपी, आणि दंडाला धरून त्यांना पुढे ढकलणाऱ्या सिंधूकाकू. पुनावळ्याचंच जुनं शेतकरी घराणं. जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेली, पण त्याच्या कितीतरी आधी नाना भोसरीच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये कामाला लागले होते. तिथेच लाइनचे मुख्य झाले, तिथूनच निवृत्त झाले. ते सांगायचे, “मी तेवढा रिटायर झालो. कान अजून कंपनीतच हायेत.”

त्यांना यंत्र बसवलं ते फरहीनने. कासारवाडीची ही मुलगी कान तपासायचं शिकून नुकतीच कामाला लागलेली, आणि आमच्या शिबिरांचा सगळा भार तिच्यावरच असे. यंत्र चालू झाल्यावर नाना इतरांसारखे रडले नाहीत की हात जोडले नाहीत. फोटो झाले, लोक वडापाव खाऊन गेले, आणि हॉल आवरायची वेळ झाली तरी नाना तिथेच. ते खुर्च्या उचलत होते. एकेक खुर्ची घ्यायची, दुसरीवर ठेवायची, ठेवताना तिचा जो आवाज होईल तो ऐकायचा, मगच पुढची. मी म्हटलं, “नाना, राहू द्या, आमची माणसं करतील.”

“करू द्या की ताई,” ते म्हणाले. “ह्ये बी ऐकायचं राह्यलंय.”

पुढच्या मीटिंगला ते येऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी जा म्हणालं नाही.

नानांना प्रत्येक गोष्टीवर तळहात ठेवायची सवय होती. मीटिंगच्या टेबलावर, चालू असलेल्या फ्रिजवर, देवळाच्या खांबावर. कान गेल्यावर त्यांनी जग असं हाताने ऐकलं होतं आणि यंत्र आल्यावरही ती सवय सुटली नाही. बोलायचे मात्र फार हळू. ऐकू न येणारी माणसं बहुतेक ओरडून बोलतात. नाना तसे नव्हते, कारण आवाज चढला की सिंधूकाकू त्यांची बाही ओढायच्या. वर्षानुवर्षं बाही ओढून ओढून त्यांनी नवऱ्याचा आवाज इतका खाली आणला होता, की मीटिंगमध्ये नाना बोलायला लागले की इतरांनाच गप्प बसावं लागे.

पहिल्या शिबिरानंतर दोन-तीन महिन्यांनी नाना एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, “साहेब, ती यंत्रं घालतंय का कोण?”

देसाईसाहेब म्हणाले, “म्हणजे? आपण दिली ना सगळ्यांना. फोटो आहेत.”

“फोटोत हायेत. कानात न्हाईत.”

नाना स्वतःच्या स्कूटरवरून घरोघर जाऊन आले होते. पुढच्या फेरीला मीही त्यांच्याबरोबर गेले. चऱ्होलीला हौसाबाई म्हणून एक आजी होत्या. त्यांचं यंत्र देव्हाऱ्यात होतं, डबीतल्या डबीत, वर हळदकुंकू वाहिलेलं. नानांनी खुणेने विचारलं, हे काय?

“रोज पूजा करते की,” हौसाबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या. “लई मोलाची वस्तू दिली तुमी.”

“कानात का न्हाई?” नानांनी कानाकडे बोट केलं.

“आवं, कानात घातलं का भांडी अंगावर येत्यात! सून पातेलं ठेवती, ते माझ्या डोस्क्यातच ठेवती. नातू हासतो, ते बी चावल्यावानी. त्यापरास ही शांतता बरी.”

मला वाटलं, नाना आता समजावतील. त्यांनी समजावलं नाही. सुनेला सांगून पंखा बंद करवला, टीव्ही बंद करवला, दार लोटून घेतलं. मग हौसाबाईंच्या कानात यंत्र घालून ते त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि सुनेकडून सुपात थोडे तांदूळ मागितले. हौसाबाईंच्या मांडीवर सूप ठेवलं. “निवडा,” म्हणाले.

हौसाबाईंनी तांदळात बोटं घातली आणि थबकल्या. पुन्हा घातली. तांदूळ सुपावरून घसरताना जो आवाज करतात, तो बारीक, कोरडा, झऱ्यासारखा आवाज. कितीतरी वेळ त्या नुसते तांदूळ इकडून तिकडे करत बसल्या, निवडायचं राहूनच गेलं. सून दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, “आत्याबाई, चहा ठेवू?” आणि हौसाबाईंनी वर न बघता सांगितलं, “ठेव की.” मग चमकून वर बघितलं. त्या सुनेचा एवढा हळू आवाज त्यांनी लग्नात तरी ऐकला होता की नाही कोण जाणे.

परतीच्या वाटेवर नाना म्हणाले, “आपुन माणसाला एकदम बाजारात सोडतो ताई. आधी घर दाखवायला पायजे.”

तिथून त्या नदीच्या फेऱ्या सुरू झाल्या. यंत्र बसवलं की माणसाला लगेच रिक्षात घालून गर्दीत न्यायचं नाही. रविवारी सकाळी थोड्या थोड्या माणसांनी नानांबरोबर नदीपर्यंत चालायचं. वारा, पाणी, वाळक्या पानांवर पडलेलं स्वतःचंच पाऊल. इतकंच ऐकायचं आणि घरी जायचं. पुढच्या रविवारी जरा जास्त. क्लबात आधी हसले सगळे. मग डबीत जाणारी यंत्रं कमी झाली, तसे हसायचेही थांबले.

दुसऱ्या शिबिराचा दिवस तर मी विसरूच शकत नाही. त्या वर्षी एका कंपनीने यंत्रांचा खर्च उचलला होता आणि त्यांचे मोठे साहेब स्वतः येणार होते. देसाईसाहेब आठवडाभर धावत होते. पुनावळ्याच्या शाळेच्या मैदानात मांडव, बॅनर, हार, आणि फाटकाशी ढोलताशाचं पथक. सकाळपासून शाळेच्या वर्गात बसून फरहीनने एकेकाच्या कानात यंत्रं बसवली होती आणि ती सगळी माणसं मांडवात खुर्च्यांवर बसली होती. नव्या नवरीसारखी, मान न हलवता.

साहेबांची गाडी फाटकाशी आली आणि ढोल सुरू झाला.

पहिल्याच ठोक्याला मांडवात जे झालं ते मला अजून दिसतं. एका आजोबांनी दोन्ही हात कानांवर दाबले. एक बाई मोठ्याने रडायला लागल्या. एकाने यंत्र उपटून मांडीवर टाकलं आणि त्याकडे साप पडल्यासारखं बघत राहिला. फरहीन वर्गातून धावत बाहेर आली, ओरडत होती, पण तिचं कोणाला ऐकू जाणार?

नाना धावले नाहीत. ते आपल्या नेहमीच्या चालीने मांडवातून निघाले, पथकापर्यंत गेले आणि सगळ्यात पुढच्या ढोलावर त्यांनी दोन्ही तळहात ठेवले. ढोलवाल्या पोराचं टिपरू हवेतच राहिलं. मागचे ढोल एकामागून एक बंद पडले.

देसाईसाहेब लाल झाले होते. “नाना, बाजूला व्हा! पाहुणे उतरतायत! हे काय चाललंय?”

“साहेब,” नाना म्हणाले, “आज ह्यांच्या कानांचं बारसं हाय. बारशाला नगारे बडवत्यात व्हय?”

“अहो, पण प्रोग्राम—”

“बारशाला आत्या काय करती? बाळाच्या कानात हळूच कुर्र करती. तसं हाय ह्ये. ह्ये कान आज जल्माला आल्यात.”

साहेब गाडीतून उतरून हे ऐकत उभे होते. कोणी हार घालायला पुढे होईना. साहेब मराठी होते, वयाने नानांच्या आसपासचे. त्यांनी मांडवातल्या त्या भेदरलेल्या माणसांकडे बघितलं, मग नानांकडे. “मग आता आत्या कोण?” त्यांनी विचारलं.

असा तो कार्यक्रम झाला. माइक बंद, भाषणं नाहीत. ज्यांची माणसं बरोबर आली होती ती पुढे आली आणि आपापल्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून नाव सांगू लागली. मुलगी बापाचं नाव घेताना लाजत होती. एका आजोबांनी आजींचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. ते कानाशी वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले, आणि शेवटी काय म्हणाले ते त्या आजींनी कोणाला सांगितलं नाही. मांडवभर नुसती कुजबुज. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. झोपेत कुणी आपल्याला हाक मारतंय असं वाटतं ना, तसं त्या सगळ्या मैदानाला वाटत असावं.

एक आजोबा एकटेच बसले होते. नाना त्यांच्यापाशी गेले. “तुमचं नाव?”

“पांडुरंग. पण घेतंय कोण? बायको गेली. पोरं बाबा म्हणत्यात, नातवंडं आजोबा.”

“आई काय म्हणायची?”

आजोबा जरा घुटमळले. मग त्यांनी सांगितलं. नाना वाकले आणि कानाशी जाऊन म्हणाले, “ए पांड्या!”

आजोबा आधी हसले. हसत राहिले. मग टोपीने डोळे पुसत राहिले.

देसाईसाहेब महिनाभर नानांशी बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये त्यांनीच उठून सांगितलं, “या वेळी पथक नको. माझी अशी कल्पना आहे की आपण बारसं करावं.” बॅनरवरही तेच छापलं. मी नानांकडे बघितलं. ते टेबलावर हात ठेवून समाधानाने बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “त्यांची कल्पना हाय म्हनून बॅनर लागला ताई. माझी असती तर कोन लावतंय?”

नानांना हुज्जत घालताना मी एकदाच पाहिलं. यशवंतराव त्यांच्याच प्रेस शॉपमधले, शेजारच्या मशीनवरचे. कासारवाडीला स्टेशनाजवळ राहायचे. नानांनीच त्यांना शोधून काढलं, स्कूटरवर बसवून आणलं. फरहीनने तपासलं आणि नानांकडे बघून मान हलवली.

“अजून एकदा बघ बाळ.”

तिने पुन्हा तपासलं. “काका, आत काही उरलंच नाहीये. मशीन कशावर चालणार?”

“तुझं मशीन बारकं असंल. मोठं घाल.”

“मोठं-लहान नसतं हो काका.”

“मग दोन घाल!”

ते इतक्या जोरात म्हणाले की रांगेतली माणसं वळली. बाही ओढायला सिंधूकाकू तिथे नव्हत्या. फरहीनच्या डोळ्यांत पाणी आलं. यशवंतरावांना मात्र यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, काय ते ओळखलं, टोपी घातली आणि नानांच्या पाठीवर थाप मारली. चल, म्हणाले खुणेने.

नंतर नाना मला म्हणाले, “मीच त्याला ओव्हरटाइमला थांबवायचो. त्याला पोरीचं लगीन करायचं हुतं, मला मशीनवर मानूस पायजे हुता. दोघंबी खूश.” एवढंच. पुढे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

पण दर आठवड्याला नाना कासारवाडीला जाऊ लागले. एकदा ऑफिसच्या कामाने त्या बाजूला गेले असताना मी त्यांना पाहिलं. स्टेशनच्या पादचारी पुलावर दोघे म्हातारे कठड्यावर तळहात ठेवून उभे. उतरतं ऊन, दोघांच्या टोप्या पिवळ्या झालेल्या. कॉलेजची मुलं त्यांच्या मागून धडाधडा जिना उतरत होती. रूळ दोन्हीकडे रिकामे. मग यशवंतरावांनी डोळे मिटले आणि हळूहळू मान डोलवायला लागले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने लांबून गाडीचा आवाज यायला लागला. यशवंतरावांनी दोन्ही हात पसरून लांबच लांब असं काहीतरी दाखवलं. मालगाडी. नानांनी मान हलवली: न्हाई, लोकल. दोघे कठड्याला हात लावून थांबले. मालगाडीच निघाली. तिचे डबे पुलाखालून जात राहिले, जात राहिले, आणि यशवंतराव वर्गात पहिला नंबर आल्यासारखे नानांकडे बघत होते.

मी त्यांना हाक मारली नाही. तिथे माझं काही काम नव्हतं.

नानांच्या घरी मी एकदा दुपारी गेले, शिबिराच्या तारखेबद्दल बोलायला. वरच्या मजल्यावर कंपन्यांत काम करणारी भाडेकरू मुलं, खाली नाना आणि सिंधूकाकू. नाना ओट्यावर बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारी बसायची खूण केली.

आत सिंधूकाकू भाकरी करत होत्या आणि गात होत्या. फार बारीक आवाज, माहेरच्या हादग्याची गाणी, एकातून दुसरं निघणारी. भाकरी थापायचा ठेका, मधेच तव्यावर टाकताना गाणं तुटायचं आणि पुन्हा तिथूनच उचललं जायचं. आम्ही दोघं तसेच बसलो. अंगणातल्या शेवग्याची सावली हळूहळू सरकत माझ्या पायांवर आली.

“मशीन कानात हाय ह्ये तिला ठावं हाय,” नाना कुजबुजले. “चालू हाय ह्ये ठावं न्हाई. घरात सेल कशाला जाळायचा, म्हनून बंद ठेवतो, आसं सांगितलंय.”

“का पण?”

“मला ऐकू येतंय कळलं तर गायची बंद हुईल. लई लाजरी हाय ती.” मग म्हणाले, “कंपनीतनं यायचो तवा डोक्यात मशीनच चालू असायचं. ही काय बोलायची, मी नुस्तं हं म्हनायचो. मग बोलायची बंदच झाली. गाती, ह्ये ठावंच नव्हतं मला.”

निघताना सिंधूकाकू मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, “ऐकत बसला हुता न्हाई का दोघं?”

मी फाटकाच्या कडीशी चाळा करू लागले.

“त्यांची बोटं जाडी, त्या बारक्या झाकनात जात न्हाईत. सेल मीच बदलते,” काकू म्हणाल्या. “घरात बंद असतं तर इतक्या लौकर संपला असता व्हय सेल?”

“मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?”

“सांगून काय करू? आधी मी नुस्तं पुटपुटायची. आता जरा नीट गाते.” आणि पदराने तोंड पुसत आत गेल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नाना तापाने आजारी पडले. बरेच दिवस दवाखान्यात होते. परत आले ते निम्मे होऊन, आणि उरलेलं ऐकू येणंही त्या दुखण्यात गेलं. फरहीनने तपासलं तेव्हा मी होते. ती यंत्राची बटणं पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. नाना तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. “राहू दे बाळ,” ते म्हणाले. “तोंड नको पाडू.” देसाईसाहेबांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “नाना रविवारी येतील ना? विचारा त्यांना. यायलाच पाहिजे म्हणावं.”

नाना आले. कानात यंत्र घालून आले. मी खुणेने विचारलं, हे कशाला?

“रिकाम्या कानानं गेलो तर ह्या लोकांचा मशीनवर इस्वास कसा बसंल?”

आणि ते पुन्हा फेऱ्या घेऊ लागले. कोणाला कळत नव्हतं. कुठल्या वळणावर काय ऐकू येतं ते त्यांच्या अंगात मुरलं होतं. लव्हाळं हललं की ते बोट वर करत. पाण्याजवळ आले की थांबत. लोकांच्या ओठांवरून प्रश्न ओळखत. सिंधूकाकूंना मी एकदा विचारलं, “काकू, आता?” त्या म्हणाल्या, “आता काय? गाते की. स्वयंपाकघरात समोर पाट टाकून बसत्यात आता. तोंड हालताना दिसतं.”

माझी कंपनीत शिफ्ट बदलली आणि रोजचा प्रवास झेपेना, म्हणून मी चाकणला राहायला गेले. नाना गेल्याचं मला कळलं तेव्हा मी कामावर होते, आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्याजवळ राहिली आहे ती चाकणला जाण्याआधीच्या रविवारची सकाळ.

त्या दिवशी गटात सुमनबाई म्हणून एक होत्या, परभणीकडच्या. मुलगा कंपनीत लागला म्हणून इकडे आलेल्या. नदीच्या अलीकडच्या वळणावर त्या एकदम थांबल्या. तिथे नाना कधी थांबत नसत.

“हे काय वाजायलंय हो?” त्यांनी विचारलं.

एक पक्षी होता. टुक, टुक, टुक, लांबून, एका लयीत. मला ऐकू येत होता, गटातल्या सगळ्यांना ऐकू येत होता. सगळे नानांकडे बघत होते. नाना सुमनबाईंच्या ओठांकडे बघत होते. लव्हाळं हलत नव्हतं, पाणी अजून पुढे होतं. मी सांगायला पुढे झाले, तर नानांनी हाताने मला थांबवलं.

“आक्का,” ते म्हणाले, “मला न्हाई आला.”

“बंद पडलं की काय तुमचं मशीन?”

“मशीन न्हाई. कान. आता कायबी येत न्हाई मला.”

एका आजोबांनी नकळत स्वतःच्या कानाला हात लावून पाहिला. मला वाटलं, संपलं आता. ही माणसं घरी जातील, यंत्रं काढतील आणि डबीत ठेवतील.

सुमनबाईंनी त्यांच्या कानातल्या यंत्राकडे निरखून पाहिलं. “मंग इतका वेळ आमाला कसं सांगायला होतात?”

“आठवनीनं.”

“आँ!” सुमनबाई म्हणाल्या. मग त्या वाट सोडून नानांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या, आपलं तोंड त्यांना नीट दिसेल अशा, आणि सावकाश, एकेक शब्द तोडून सांगायला लागल्या. “टुक-टुक करायलंय. थांबलं. पुन्हा करायलंय बघा. तिकडं, त्या झाडात.”

“झाडात? सारखंच का?”

“सारखंच. ठोकल्यावानी.”

“मग तांबट असंल,” नाना म्हणाले. “फागुन लागला म्हनायचा.”

“आन आता इकडून गाय हंबरली. आन ह्यांची काठी वाजली.” काठीवाले आजोबाही पुढे झाले, त्यांना स्वतःलाही काहीतरी ऐकू आलं होतं आणि ते आधी सांगायचं होतं.

त्या रविवारीही मला शिफ्ट होती, कंपनीची बस यायची होती. मी वाट चढून वर आले आणि मागे वळून पाहिलं. माझ्या पाठीमागे हायवे गरजत होता, त्यामुळे खालचं मला काहीच ऐकू येत नव्हतं. धुकं विरळ होत होतं. नदीच्या अलीकडे ती सगळी माणसं नानांभोवती गोळा झाली होती. सगळी एकदम बोलत होती, हात करून झाडं दाखवत होती, पाणी दाखवत होती. नाना एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे मान वळवत होते, आणि दोन्ही हातांनी त्यांना थोपवत बहुतेक म्हणत होते, एकेक जन, एकेक जन.